त्या सकाळचं रडणं

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट
१९ ऑक्टोबर २०१४

आत्या,

तुझ्या पाया पडून लिहायला बसलेय. फोनवर आपलं बोलणं "जेवलीस का, थंडी पडली का" याच्यापुढे जात नाही, आणि तुझ्या शेजारी संपदाताई बसलेली असते. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला पत्र लिहिताना अजून भीती वाटते, चुका काढशील म्हणून.

मला काम मिळालं. इथे आल्याला चार वर्षं झाली तेव्हा. सुयशचं ऑफिस आमच्या घराच्या समोरच्याच इमारतीत आहे. रोज सकाळी तो आत शिरेपर्यंत मी खिडकीतून बघायचे, आणि मग दिवसाचं काय करायचं ते कळायचं नाही. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकलेली, डच न येणारी बाई इथे कुणाला हवी होती? आता एका छोट्या स्टुडिओने घेतलंय. सध्या हातात आहे तो चित्रपट आयर्लंडचा आहे, पण निर्मितीत इथले लोक भागीदार आहेत, म्हणून आवाजाचं सगळं काम इथे चाललंय.

गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या एका गावातली. तिथल्या जुन्या घराण्यांत कुणी जाणार असलं की आधी एक बाई रडताना ऐकू येते, अशी समजूत आहे. तिला बॅन्शी म्हणतात. करडी शाल, मोकळे केस, केस विंचरत बसलेली. सिनेमावाल्यांनी तिची किंचाळणारी हडळ करून टाकली. आमची दिग्दर्शिका नूला त्यावर फार चिडते. तिच्या आजीने बॅन्शी ऐकली होती म्हणे. नूला म्हणते, "ती मारायला येत नाही. ती त्या घरातलीच असते, मागच्या कुठल्या तरी पिढीतली. आपल्या माणसासाठी आपल्याआधी रडते, एवढंच."

पूर्वी तिकडे माणूस गेलं की बायका त्याच्याशेजारी बसून, त्याच्याशी बोलत, हेल काढून रडायच्या. पाद्र्यांना ते आवडेना, त्यांनी बंद पाडलं. आता ते कुणाला येत नाही. आम्ही तीन नट्यांचे आवाज घेतले. नूलाने तिन्ही नाकारले. "या रडत नाहीत, गातायत," म्हणाली. शेवटी मी एक आवाज ऐकवला. ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "हाच." कुठला आवाज ते भेटीत सांगेन.

इथे साडेसहाला अंधारायला लागलंय. तू पाय जप.

तुझी,
उत्तरा


गडहिंग्लज
३० नोव्हेंबर २०१४

उत्तरा,

पत्र पोचायला सतरा दिवस लागले. "मिळालं" लिहिताना अनुस्वार दिलास, बरं वाटलं. काम मिळालं हे वाचून तुझ्या वडिलांना फोन केला. तो फोनवर रडला. हल्ली तो लगेच रडतो.

तुझी ती बॅन्शी मला पटली. आमच्या लहानपणी भडगावात एक म्हातारी होती, तिला लोक मुद्दाम बोलावून न्यायचे. ती रडायला लागली की दाराबाहेरच्या पुरुषांनासुद्धा उभं राहवायचं नाही. गेलेल्याने कुणाला काय दिलं, कुणाचं काय अडवलं, सगळं ती रडता रडता सांगायची. पण आधी कळणारी आमच्यात कुणी नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी माझ्या श्रीधरला त्या दिवशी घरातून बाहेर पडू दिलं नसतं.

आता एक विचारते. फोनवर विचारता येत नाही.

श्रीधर गेला त्या सकाळी तू आमच्याकडे होतीस. आपल्या छापखान्यातून गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिका घेऊन तो संकेश्वरला निघाला, आणि सातच्या सुमाराला अपघाताचा फोन आला, इथवर मला आठवतं. त्यानंतर शेजारच्या सुनीतीने तोंडाला पाण्याचा पेला लावला, ते आठवतं. मधलं काही नाही. मी फार रडले, असं सगळे म्हणतात. काय बोलले ते कुणी सांगत नाही. संपदाला विचारलं की ती उठून आत जाते.

त्या दिवसानंतर ह्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. जेवायला वाढ, दार लाव, एवढंच. अडीच वर्षं. दोन हजार बाराच्या जानेवारीत हे गेले तेव्हाही माझ्याकडे बघितलं नाही. मी काहीतरी बोलले असणार. फोटोसमोर दिवा लावताना रोज म्हणते, काय बोलले असेन त्याची माफी करा. पण कशाची माफी, ते माहीत नाही.

तू मुलीसारखी आहेस. तू तरी सांग.

आत्या


अ‍ॅमस्टरडॅम
१५ फेब्रुवारी २०१५

आत्या,

उत्तर लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. चित्रपट पुरा करायची घाई होती.

तू विचारलंस त्याचं मी काय सांगू? मी मागच्या अंगणात होते. रडणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. तू फक्त त्याचं नाव घेत होतीस बहुतेक. काकांचा स्वभावच तसा झाला असेल गं. मुलगा गेल्यावर माणसं गप्प होतात. तू मनाला लावून घेऊ नकोस.

इथल्या एका महोत्सवात चित्रपट दाखवला. पडद्यावर माझं नाव आलं, देवनागरीत नाही, पण आलं. सुयशने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं होतं, मला आनंद होईल.

त्याआधी वितरकांना नूलाचा चित्रपट फार संथ वाटला होता. बॅन्शी दिसते तिथे लोक घाबरले पाहिजेत, असं त्यांनी बजावलं. तो आवाज मीच खाली ओढला, लांबवला, त्यात वारा मिसळला, एका सील माशाचं ओरडणं मिसळलं. तिचा चेहरा संगणकावर विद्रूप केला. नूला नको नको म्हणत होती, पण करार त्यांच्या बाजूचा होता. चित्रपटगृहात तो आवाज आला तेव्हा लोक खुर्चीतून उडाले. माझ्या मागचा एक माणूस दचकला आणि मग हसायला लागला, जसे लोक हसतात ना दचकल्यावर, तसा. नूला उठून बाहेर गेली. मी शेवटपर्यंत बसले.

लवकरच एक झलक इंटरनेटवर येईल. ती बघू नकोस, तुला आवडायची नाही. भीतीची आहे.

तुझी,
उत्तरा


गडहिंग्लज
१२ मे २०१५

उत्तरा,

संपदा परवा बाजारातून आली ती मोबाईल पुढे करतच. "आई, उत्तराच्या सिनेमाची झलक आलीय, बघ." तिला कौतुक. मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात तिने लावलंसुद्धा. मी चित्र बघितलंच नाही. आधी आवाज ऐकला.

मला लहानपणापासून श्वास घेताना मध्ये एक अडखळ बसते. तुझे आजोबा म्हणायचे, शोभीचा श्वास उंबऱ्याला ठेचकाळतो. तू त्यात वारा घाल, मासे घाल, ती अडखळ गेली नाही. मी रडत होते, उत्तरा. आणि पडद्यावर एक सडक्या तोंडाची बाई होती.

संपदाला काही कळलं नाही. "कसलं भयानक आहे ना," म्हणाली. मी हो म्हटलं.

मग मला हळूहळू आठवलं. त्या दिवसांत तू शिक्षणासाठी आपल्या छपाईच्या ट्रेडल मशीनचा आवाज घ्यायला आली होतीस. तुझं ते काळं यंत्र छापखान्याच्या घराकडच्या खिडकीत ठेवलेलं असायचं. ते चालू होतं.

मी रागावले आहे का? रागावले आहे. माझं पोर गेलं त्याचं रडणं, ते तू लोकांना दचकवायला दिलंस. याच्यावर मी आणखी काही लिहीत नाही, कारण लिहायला लागले तर थांबणार नाही.

पण तुझ्याकडे ते सगळं आहे. म्हणजे मी काय बोलले तेही आहे. मागच्या पत्रात तू खोटं लिहिलंस. ते पाठव. सगळं, पहिल्यापासून.

आत्या


अ‍ॅमस्टरडॅम
७ जून २०१५

आत्या,

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

यंत्र चालू राहिलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पुसायला बटणावर बोट ठेवलं होतं, दाबलं गेलं नाही. लग्न करून इकडे आले तेव्हाही बरोबर आणलं. इथे कुणी मोठ्याने रडत नाही, आत्या. शेजारचे आजोबा गेले तेव्हा लोकांनी ओळीने बसून कॉफी घेतली, केकचा एकेक तुकडा खाल्ला आणि घरी गेले. मी घरी येऊन तुझं रडणं लावलं. असं बऱ्याचदा करायचे. नूला जेव्हा म्हणाली की असं रडणं आता जगात उरलं नाही, तेव्हा मला वाटलं, उरलंय, माझ्याकडे आहे. त्या क्षणी मला अभिमान वाटला, हे खरं सांगते. तुला विचारावं असं मनात आलं होतं. तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे. संपदाताईला लॅपटॉपवर लावून द्यायला सांग. सगळं आहे त्यात. तू वाईट काही बोलली नाहीस. ऐक म्हणजे तुला कळेल.

उत्तरा


गडहिंग्लज
२० जुलै २०१५

उत्तरा,

संपदाने लावून दिलं आणि मी तिला बाहेर पाठवलं. दार लावून ऐकलं. तीनदा.

सुरुवातीला मशीन आहे. किती वर्षांनी ऐकलं. हे गेल्यावर भंगारात गेलं ते. मधेच श्रीधर खोकतो आणि म्हणतो, "बाबा, दोरी कुठंय?" पत्रिकांचा गठ्ठा बांधायला. त्याचा आवाज इतका बारीक होता, हे मी विसरले होते. ते तुकडा तुकडा करून ऐकलं. याच्यासाठी तुझ्यावरचा अर्धा राग गेला.

मग फोन, आणि मग मी. मी त्याला हाक मारते, शाळेत जाताना पडला होता ते सांगते, त्याला वांगी आवडायची नाहीत ते सांगते. कुणाला वाकडा शब्द नाही. एकही नाही.

म्हणजे मी काही बोललेच नव्हते. मग हे कशाबद्दल गप्प झाले? सहा वर्षं मी स्वतःला खात होते, की माझ्या तोंडून असं काय गेलं. काही गेलं नव्हतं! पोर दोघांचं गेलं. मी याच घरात उभी होते, आणि ह्या माणसाने अडीच वर्षं मला भिंतीसारखं वागवलं, कारण नसताना. मी रोज ज्याच्यापुढे नाक घासलं, त्याचा फोटो काल उतरवून कपाटात टाकला. संपदाने कारण विचारलं. म्हटलं, तुझ्या बापाला विचार.

मला हलकं वाटायला हवं होतं. पण नाही वाटत. आता मेलेल्या माणसाशी भांडण झालंय, आणि तो तेव्हा बोलला नाही, आता काय बोलणार.

आत्या


अ‍ॅमस्टरडॅम
९ ऑगस्ट २०१५

आत्या,

फोटो उतरवलास हे वाचलं तेव्हा मी मेट्रोत होते. पुढच्या स्टेशनवर उतरून बाकावर बसून राहिले. कामाला गेलेच नाही.

मी तुला अर्धंच पाठवलं. मला हे काम येतं, आत्या. मधलं काढून दोन टोकं अशी जोडता येतात की ऐकणाऱ्याला कळत नाही. मी दोन ठिकाणी कापलं. तुला त्रास होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. आता खरं लिहिते. पेनड्राइव्हही नवा पाठवतेय, त्याला हात लावलेला नाही. पण आधी हे वाच, एकदम कानावर पडू नये.

वांग्यांचं सांगून झाल्यावर काका दारात आलेत. तू त्यांना म्हणालीस, "तुम्ही पाठवलंत त्याला. पत्रिकांपायी माझा मुलगा घालवलात. आता छापा. त्याचंही छापा."

एवढंच. घरात दहा-बारा माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. तू पुन्हा रडायला लागतेस. ते रडणं मी चित्रपटाला दिलं.

दुसरं कापलं ते शेवटचं. ते तू ऐकलेलं नाहीस, आणि संपदाताईनेही नाही. माझ्याशिवाय कुणीच नाही. तुला आत नेल्यावर काका छापखान्यात आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. खिडकीतलं यंत्र त्यांना दिसलं नसावं. बराच वेळ नुसता श्वास आहे. मग ते म्हणतात, "श्री, तुला ताप होता रे. मी हात लावून बघितला होता. मला माहीत होतं." मग म्हणतात, "बरोबर बोलली ती." मग बॅटरी संपते.

ते तुझ्यावर रागावले नव्हते, आत्या. त्यांना तुझं म्हणणं पटलं होतं. तुझ्यासमोर तोंड उघडायची त्यांची हिंमत झाली नसेल. हे मला सहा वर्षं माहीत होतं. काका होते तेव्हाही माहीत होतं. एक फोन केला असता तर. मी केला नाही, कारण मग यंत्र चालू होतं हे सांगावं लागलं असतं.

नूलाला मी सगळं सांगितलं. तिने स्वतःच्या प्रतीतून तो आवाज काढून टाकला, तिथे आता नुसती शांतता आहे. वितरकांनी मात्र नकार दिला. त्यांच्या प्रतीत तू आहेस, आणि ती प्रत पुढच्या महिन्यात सगळीकडे लागेल. मी माझं नाव काढायला सांगितलं, ते मात्र लगेच काढलं. स्टुडिओतलं कामही सोडलंय.

तू पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

उत्तरा


गडहिंग्लज
१४ सप्टेंबर २०१५

उत्तरा,

नवा पेनड्राइव्ह पोचला. तू लिहिलंस तसंच आहे.

मी किती वाईट बोलले. "त्याचंही छापा." आणि तो माणूस मुकाट्याने ऐकून आत गेला. पंधरा दिवसांनी छापखाना बंद केला तेव्हा मी म्हटलं होतं, चालवायला अंगात जोर नाही म्हणून बंद केला. फोटो अजून कपाटातच आहे. लावीन. आत्ता त्याच्यासमोर उभं राहवत नाही.

तू काम का सोडलंस? मी सोडायला सांगितलं नव्हतं. जे झालं ते घरात बसून पुसलं जाणार आहे का? दुसरं शोध. पुढच्या वेळी विचारायला शीक, एवढंच.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते तुला लिहिते. त्या दिवशी श्रीधरला मी उठवलं. पाच वाजता. अंग तापलेलं होतं. तो म्हणाला, "आई, आज नको वाटतंय." मी त्याच्या हातात चहा दिला आणि म्हटलं, "जाऊन ये, आल्यावर झोप दिवसभर." ह्यांना त्याचा ताप माहीत होता, मला माहीत नव्हता असं थोडंच होतं. तरी पहिला शब्द मी उचलला आणि ह्यांच्यावर टाकला. मी बोलले म्हणून त्यांना वाटलं चूक त्यांची एकट्याची. एका घरात दोन माणसं, दोघं तेच उगाळत होतो आणि एकमेकांना ताट वाढत होतो. त्यांनी एकदा म्हणायला हवं होतं, किंवा मी. आता कोण कुणाला म्हणणार.

तुझ्याकडे हे एवढी वर्षं होतं, याचा राग आहे. तो जाईल की नाही, सांगता येत नाही. पण तू कापलेलं परत जोडून पाठवलंस, तेही विसरणार नाही.

गुरुवारी संपदाला समोर बसवलं आणि सगळं ऐकवलं, शेवटचं दार लावल्यापासूनचंही. ती नेहमीसारखी उठून जायला लागली. मी हात धरला. म्हटलं, बस, आज उठायचं नाही. ह्यांचा आवाज संपला आणि ती म्हणाली, "आई, गाडीची किल्ली सापडत नव्हती त्याला. तो म्हणाला, नाही सापडली तर जात नाही. मी शोधून दिली. फडताळाच्या मागे पडली होती, मी हात घालून काढून दिली."

ही पोरगी म्हणून उठून जायची. मला वाटायचं, माझं काहीतरी लपवतेय.

मग आम्ही दोघी रडलो. माझा आवाज आता तुझ्या त्या यंत्रातल्यासारखा राहिला नाही, पण बराच मोठा निघाला असावा, कारण सुनीती धावत आली. हाताला पीठ तसंच होतं. दारात उभी राहून विचारायला लागली, "अगं काय झालं? कोण गेलं?"

संपदा म्हणाली, "श्रीधर गेला."

आत्या